अकरा तुकडे चित्र, बारा तुकडे आवाज

सपारबेक तीस वर्षं किर्गिझस्तानातल्या नारीन नदीचं पाणी मोजत आला होता. रोज सकाळी आठ वाजता पुलाखालच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. त्यात कधी बोटभराची चूक नाही. अशा माणसाला "मला जमणार नाही" हे वाक्य उच्चारता येत नाही, हीच त्याची खरी अडचण होती. म्हणून जूनमधल्या एका शुक्रवारी त्याची बुरुलचा नावाची आत्या आत-बाशी गावाहून व्हॅनने आली, रुमालात गुंडाळलेला एक फोन आणि एक छोटा रेकॉर्डर तिने टेबलावर ठेवला आणि "हे एकत्र जोडून दे" म्हणाली, तेव्हा तो "देतो की" म्हणून मोकळा झाला. काय जोडायचंय, हे त्याने नंतर विचारलं.

"माझं रडणं," आत्या म्हणाली.

बुरुलचा आत्या चौऱ्याऐंशीची. मयतासाठी उभारलेल्या युर्तात, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत बसायचं, भिंतीकडे तोंड करायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य गाऊन रडायचं, हे काम तिच्यासारखं करणारी बाई त्या खोऱ्यात दुसरी उरली नव्हती. आजवर दोनशेवर माणसांना तिने असं पोचवलं होतं.

"आणि माझ्यासाठी कोण रडणार?" आत्याने विचारलं. "हल्लीच्या बायका तोंडात रुमाल कोंबतात आणि हुंदके देतात. शब्द नाहीत, चाल नाही. उचकी लागल्यासारखं करतात नुसत्या. तुझी अनारकुल गुणी आहे, पण तिचा आवाज किटलीसारखा आहे."

"आत्या, असं अभद्र बोलू नकोस गं."

"मग कधी बोलू? मेल्यावर?"

तर तिने आपलं रडणं आपणच गाऊन ठेवलं होतं. गावातल्या मास्तरीणबाईंनी डोंगराच्या कुशीत तिला बसवून फोनवर चित्र घेतलं. पण फोनमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना, म्हणून आवाजासाठी तिच्या मांडीवर रेकॉर्डर ठेवला. दर कडव्याला दोन्ही यंत्रं चालू करायची, दोन्ही बंद करायची. आता चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, तोही तुकड्यातुकड्यांत.

"रविवारी येते बघायला," आत्या म्हणाली. "चुकलं असेल तर मी आहे अजून, पुन्हा गाईन. नंतर दुरुस्ती व्हायची नाही." चहा झाला, तळलेल्या पिठाचे तीन बोरसोक रुमालात बांधून घेतले आणि म्हातारपणाने पाणावणारे डोळे पुसत ती जिना उतरून गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या रापियाने दार किलकिलं करून ते डोळे पुसणं नीट पाहून घेतलं.

बाजारात टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस असली कामं करतो. पण आत्याचं मरण परक्या माणसाच्या टेबलावर, जुन्या रिमोटांच्या ढिगात ठेवायचं? ते सपारबेकला पटेना. त्याने बिश्केकला जावयाला फोन लावला. नुरदीन कॉम्प्युटरवरच पोट भरतो. सपारबेकची बायको अनारकुलही अकरा दिवसांपासून तिकडेच होती, नवीन नातीला खेळवत.

"बाबा, एक फुकटचा प्रोग्रॅम आहे," नुरदीन म्हणाला. "फक्त त्याला बटणं नाहीत."

"मग दाबायचं काय?"

"काही दाबायचं नाही. काळी खिडकी उघडते. तिच्यात ओळ लिहायची. त्या ओळीत जे लिहाल तेच तो करतो. कमी नाही, जास्त नाही."

हे सपारबेकला फार आवडलं. असा एक तरी कर्मचारी आपल्या कार्यालयात असायला हवा होता, असं त्याला वाटलं.

हे मत पुढे थोडं बदललं. त्याने सगळे तुकडे 'बुरुलचा आत्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले, सांगितलेली ओळ एका बोटाने टाइप केली, आणि खिडकीने कळवलं की 'बुरुलचा' नावाचं इथे काहीही अस्तित्वात नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडीलधाऱ्या बाईबद्दल हे असं, तोंडावर! नुरदीनने समजावलं, "बाबा, नावात मोकळी जागा सोडलीत ना? मोकळी जागा आली की त्याला वाटतं नाव संपलं." सपारबेकने जागा काढली. आत्या अस्तित्वात आली.

मग यादी. एका साध्या फाइलमध्ये तुकड्यांची नावं ओळीने लिहायची, त्या क्रमाने प्रोग्रॅम जोडत जातो. आवाजाची यादी त्याने हाताने लिहिली. चित्रांची यादी मात्र वेळ वाचवायला कॉम्प्युटरकडून करून घेतली, आणि कॉम्प्युटरने एकच्या पाठोपाठ दहा, मग अकरा, मग दोन असा क्रम लावला. शनिवारी सकाळी त्याने ते लावून पाहिलं. ओठांवरून बघावं तर बुरुलचा आत्या जन्मली, लगेच तिची कबर खणली गेली, तिच्यावर माती पडली, आणि मग ती लग्नाच्या घोड्यावर बसली. आवाज आपला शहाण्यासारखा सगळं क्रमानेच सांगत होता. सपारबेकने 'एक'च्या जागी 'शून्य एक' लिहीत सगळ्यांना नवी नावं दिली, तेव्हा आत्याचं आयुष्य रांगेत आलं.

मोजल्यावर चित्राचे तुकडे अकरा भरले आणि आवाजाचे बारा.

"एक जास्त आलाय?" नुरदीन म्हणाला. "सोपं आहे. ओळीच्या शेवटी एक शब्द घाला. जे आधी संपेल तिथे तो दोन्ही थांबवतो." सपारबेकने घातला. बारावा तुकडा गुपचूप गळाला.

तरीही ओठ आणि आवाज जुळेनात. आत्याचे ओठ मिटायचे आणि अर्ध्या सेकंदाने शब्द यायचा, जणू आधी मेली आणि मग रडली. ओळीतला एक आकडा किंचित बदलायचा, पुन्हा जोडायचं, पुन्हा ऐकायचं. नदीच्या गर्जनेने सपारबेकचा डावा कान केव्हाच गेला होता, म्हणून त्याने मुलीच्या लग्नात घेतलेले मोठे स्पीकर काढले. उकडत होतं, म्हणून खिडक्या उघडल्या. आणि सकाळी दहापासून एकच्या सुमारापर्यंत, चौथ्या मजल्यावरून, एकच कडवं त्याने चाळीसेक वेळा लावलं:

"चूल निवाली, किटली निवाली, दारातली वाट सुनी झाली..."

चाळिसाव्या वेळी चित्र आणि आवाज तंतोतंत जुळले. आणि त्याच वेळी जिन्यातून पुरुषांचा आक्रोश ऐकू आला. "हाय रे माझ्या काळजा! हाय रे माझ्या आधारा!"

सपारबेकला पहिली शंका प्रोग्रॅमची आली. त्याने यादी तपासली. यादीत पुरुष नव्हते. त्याने आवाज बंद केला. आक्रोश चालूच राहिला, उलट जवळ आला. त्याने दार उघडलं तर इमारतीचा मुखिया मुकाम्बेत, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला धिप्पाड म्हातारा, काठीवर वाकून रडत वर येत होता आणि मागे आणखी पाच-सहा जण. मुकाम्बेतने त्याला मिठीत घेतलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडला.

आता, रडत आलेल्या माणसाला "कोण गेलं?" असं विचारायची रीत नाही. त्याच्याबरोबर आधी रडायचं असतं. सपारबेकला आठवलं की मुकाम्बेतचा धाकटा भाऊ तलासला आजारी आहे. बिचारा गेला वाटतं. त्याच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून दहा मिनिटं रडले.

"धीर धर दादा," शेवटी सपारबेक म्हणाला. "सगळ्यांनाच जायचंय."

मुकाम्बेतने मागे होऊन त्याच्याकडे पाहिलं. "तू मला धीर देतोस? तू?" मागच्या माणसांकडे वळून तो म्हणाला, "बघा रे. काळीज म्हणतात ते हे!"

खाली अंगणात युर्त उभा राहत होता. लाकडी जाळीच्या भिंती गोल लावून झाल्या होत्या, नमदे उतरवले जात होते. सपारबेक शेजारधर्माला कधी चुकला नव्हता. त्याने बाह्या सरसावल्या, छताचं गोल कडं उचलायच्या खांबाला हात लावला आणि "जरा डावीकडे घ्या" म्हणून हुकूमही सोडले. भोवतालच्या बायका त्याच्याकडे बघून तोंडाला रुमाल लावत होत्या. एका म्हातारीला तर चक्कर आली.

रापिया हळूच पुढे आली. "भाऊजी, अनारकुलला बिश्केकहून कधी आणताय?"

"येईल की मंगळवारी," सपारबेक खांब सावरत म्हणाला. "बसने."

भोवतालच्या बायकांनी तोंडावरचे रुमाल खाली घेतले.

"बसने?" रापियाने विचारलं.

"मग? तिला गाडीत मळमळतं. बसमध्ये खिडकीपाशी बसली की बरं वाटतं."

पुढचं सांगायला सपारबेकच्या डोक्यात अजून उजेड पडायचा होता. तो पडला तेव्हा त्याच्या हातात खांब होता, आणि खांब सोडला असता तर छत लोकांच्या डोक्यावर आलं असतं. म्हणून आपली बायको जिवंत आहे, हा खुलासा त्याला दोन्ही हात वर करून, स्वतःच्याच बायकोचा मयताचा युर्त पेलून धरत करावा लागला.

रापियाचा हिशेब तिच्या दृष्टीने चोख होता. नातीचं निमित्त सांगून बाई अकरा दिवस गायब, म्हणजे ऑपरेशन. शुक्रवारी आत्या डोळे पुसत गेली; म्हणजे बातमी वाईट. शनिवारी घरात रडणं, म्हणजे संपलं.

मुकाम्बेत लालबुंद झाला होता. "अरे, मग माझ्या गळ्यात पडून रडलास कशाला?"

"तुम्ही रडत होता म्हणून."

"मी तुझ्यासाठी रडत होतो!"

"मी तुमच्या भावासाठी."

"माझ्या भावाला काय झालंय? केव्हाच बरा झालाय तो. तू त्याला मारतोस होय रे?"

काय करतो सपारबेक? त्याने त्या धडधाकट भावाबद्दल माफी मागितली. पण तोवर मेंढी कापून झाली होती आणि बायकांनी बोरसोकांसाठी कढई तापवली होती. मौलवींना बोलावलं. ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आणि म्हणाले, गेलेल्यांच्या नावाने तापवलेलं तेल असं फुकट थंड करू नये. युर्त उद्यापर्यंत राहू दे. ज्याचं जे कोणी गेलं असेल त्याच्या नावाने उद्या सगळे मिळून दुआ करू.

दुपारी अनारकुलचा फोन आला. सांत्वनासाठी कुणीतरी तिच्याच नंबरावर फोन केला होता. तिने "हॅलो" म्हणताच पलीकडे फोन जमिनीवर पडल्याचा आवाज आला होता.

"मी मेले म्हणे," ती म्हणाली.

"गैरसमज झाला गं."

"ते कळलं. रापिया रडली का?"

"रडली."

"खरं, की नुसतं नाक ओढलं?"

सपारबेकने आठवून पाहिलं. मोजमापात खोटं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "खरं रडली. तुझा निळा स्वेटर तिच्याकडेच राहिलाय, तो आता कुणाला परत करू, असं म्हणत होती."

पलीकडे अनारकुलने नाक ओढलं. मग म्हणाली, "राहू दे म्हणावं तिलाच."

संध्याकाळी त्याला शनिवारीही चालू असणाऱ्या आपल्या कार्यालयात जावं लागलं, कारण मुकाम्बेतने तिथेही कळवलं होतं. फाटकावर काळ्या चौकटीतली नोटीस लागली होती आणि तीन दिवसांच्या दुखवट्याच्या रजेचा हुकूम निघाला होता.

"हुकमाला नंबर पडलाय," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "रद्द करायला कारण लागतं. काय लिहू?"

"लिहा, बायको जिवंत आहे."

"पुरावा?"

सपारबेकने फोन लावून अनारकुलचा चेहरा दाखवला. तिने हातही हलवला.

"फोनवर कोणीही जिवंत दिसतं," बाई म्हणाल्या. "मंगळवारी त्यांना समक्ष आणा." तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच सपारबेक खोट्या कारणाची रजा भोगणार होता. नोटीस तेवढी त्याने स्वतः काढून, चौघडी घालून खिशात ठेवली. फाडायला हात होईना.

घरी आल्यावर तो पुन्हा त्या काळ्या खिडकीसमोर बसला. इमारतीत आवाज करायची सोय उरली नव्हती. त्याने अनारकुलचे हेडफोन काढले. त्यांची एकच, डावी बाजू चालत होती. ते उलटे घालून त्याने उजव्या कानाने सगळी अकरा कडवी तपासली. ओठ जुळत होते. तरी त्याला चैन पडेना. आवाजाचे तुकडे बारा आणि वहीत अकरा? नदी जेवढी होती त्यापेक्षा कमी त्याने आजवर एकदाही लिहिली नव्हती. त्याने ओळीच्या शेवटचा तो शब्द काढून टाकला आणि पुन्हा जोडलं. नवी फाइल चार मिनिटं दहा सेकंदांनी लांब झाली. त्या भागात चित्रच नव्हतं, म्हणजे जुळवायलाही काही नव्हतं. त्याने तो ऐकला नाही.

रविवारी सकाळी आत्या अंगणात उतरली आणि युर्ताकडे बघून थबकली. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही आत्या."

"मग हा कशाला?"

सपारबेकने सांगितलं. सगळं. आत्याने मान न हलवता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे चाल बरोबर आहे. आण ते इकडे. युर्तातच बघू."

तळमजल्याच्या खिडकीतून वायर ओढली, लॅपटॉप एका पेटीवर ठेवला. बायका आत दाटीने बसल्या, पुरुष दारापाशी आणि बाहेर. पडद्यावर बुरुलचा आत्या कमरेवर हात ठेवून गाऊ लागली, आणि समोर बुरुलचा आत्या, तश्शीच बसून, तिला बारीक नजरेने तपासू लागली.

"इथे श्वास चुकला," ती मध्येच म्हणाली. मग, "नवऱ्याचं फार लांबवलं मी. तेवढा चांगला नव्हता तो." पण भोवताली कोणी हसलं नाही. बायका आपापल्या माणसांसाठी रडत होत्या. रापियाने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला होता. काल लटक्या मयताला आलेली माणसं आज खरीच मयताला आल्यासारखी बसली होती.

अकरावं कडवं संपलं. पडदा काळा झाला. मुकाम्बेत उठू लागला. आणि काळोखातून आत्याचा आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा खाली, वाऱ्याबरोबर थरथरणारा. यात चाल नीट नव्हती.

"असानाकुन, माझ्या भावा, बर्फाने वाट अडवली रे...
एकोणीस दिवसांनी पोचले, युर्त मोडला होता रे..."

असानाकुन म्हणजे सपारबेकचे वडील. ते गेले तेव्हा सपारबेक पंचवीस वर्षांचा होता. तीन दिवस तो युर्ताबाहेर काठीवर वाकून उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारत होता आणि कान आत लावून होता, की आता आत्याचा आवाज येईल. तो आला नाही. आत्या तेव्हा अक-सायच्या खोऱ्यात कळपांबरोबर होती, वाट बंद होती, निरोप उशिरा गेला, हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने तेहतीस वर्षं मनात ठेवलं होतं, की दोनशे माणसांना रडलीस आणि सख्ख्या भावाला नाही. तो हे कोणाला बोलला नव्हता, अनारकुललासुद्धा.

तो उठला आणि बायकांमधून वाट काढत बाहेर आला. मुकाम्बेतने काही न विचारता आपली काठी त्याच्या हातात दिली. सपारबेक तिच्यावर वाकला आणि मोठ्याने रडला, "हाय रे माझ्या बाबा!" बाकीचे पुरुष त्याच्या शेजारी ओळीने उभे राहिले आणि त्याच्या आवाजात आवाज मिसळू लागले. कालच्या रडण्याबद्दल कुणाच्याच मनात काही राहिलं नसावं.

तो आत आला तेव्हा दुआ संपली होती आणि चहा ओतला जात होता. आत्या खाली मान घालून बसली होती.

"ते कोणी घातलं यात?" तिने हळूच विचारलं. "मास्तरीणबाईंच्या फोनचा जीव गेला होता. मला वाटलं, दोन्ही यंत्रं बंद आहेत. ते लोकांसाठी नव्हतं."

"माझ्या हातून आलं, आत्या."

"तोडून टाक."

नुरदीनने शुक्रवारीच सांगितलं होतं की हा प्रोग्रॅम तोडतोही. एका ओळीचं काम. सपारबेकने आत्याकडे पाहिलं आणि आयुष्यातली पहिली चुकीची नोंद केली. "ते जमत नाही आत्या. हा फक्त जोडतो."

आत्याने चहाचा घोट घेतला. पुढ्यातला बोरसोक मोडला, पण खाल्ला नाही.

"मग राहू दे," ती म्हणाली. "पण काळं नको दाखवूस. वाईट दिसतं. त्याचा फोटो असेल तर लाव."

सपारबेकने तिथूनच नुरदीनला फोन केला, त्याने एक ओळ सांगितली, आणि सपारबेक चौथ्या मजल्यावर जाऊन कपाटातून वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन आला. कामावरच्या ओळखपत्रातून उचकटलेला. उजव्या खांद्यावर गोल शिक्क्याचा अर्धा भाग. त्याने मोबाइलने त्याचा फोटो काढला, ओळ लिहिली, तपासली, पुन्हा तपासली. प्रोग्रॅमने एका शब्दाचीही कुरकुर न करता तो जोडला.

युर्तात आता दोघंच होते. असानाकुन चार मिनिटं दहा सेकंद पडद्यावर बसून राहिला आणि बहीण त्याला हाका मारत राहिली. आत्या पुढे झुकून बघत होती.

"कान मोठे आलेत," ती म्हणाली.

"कान तेवढेच होते आत्या."

तिने आणखी जवळ जाऊन पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "होते खरे."